एनईएसचा लाल दिवा लुकलुकतो, पडदा उघडझाप करतो: काय तपासायचे, कोणत्या क्रमाने

कॅसेट आत सरकवली, खाली दाबली, पॉवरचे बटण दाबले. लाल दिवा साधारण सेकंदाला एकदा विझतो आणि पेटतो, आणि त्याच तालावर टीव्हीवर करडा, निळा किंवा हिरवा पडदा येतो-जातो. निन्टेन्डो कंपनीच्या एनईएस या व्हिडिओ गेम यंत्राच्या एनईएस-००१ मॉडेलची, म्हणजे पुढून झाकण उघडून कॅसेट घालायच्या करड्या डब्याची, ही नेहमीची तक्रार आहे. बहुतेक वेळा यात एकही भाग जळालेला नसतो. तरी लोक पहिल्याच दिवशी नवा कनेक्टर (कॅसेटची पट्टी ज्यात बसते तो भाग) मागवतात किंवा चिपचा पाय कापून मोकळे होतात. हे दोन्ही उपाय शेवटाकडचे आहेत. त्याआधी करायची कामे स्वस्त आहेत, आणि बरीचशी यंत्रे तिथेच सुरू होतात.

आधी लक्षण नीट बघा

दिवा आणि पडदा, दोन्हींकडे लक्ष द्या. नुसता पडदा बघून निदान चुकते.

- दिवा लुकलुकतो आणि पडदाही त्याच तालात: कुलपाची चिप, म्हणजे कॅसेट अधिकृत आहे का ते तपासणारी चिप, यंत्राला पुन्हा पुन्हा रीसेट करते आहे. हा लेख मुख्यतः याच दोषाबद्दल आहे.
- दिवा स्थिर, पडदा एकाच रंगाचा: कुलूप उघडले, पण प्रोसेसरला कॅसेटमधला प्रोग्रॅम वाचता येत नाही.
- दिवा स्थिर, खेळ चालू, पण अक्षरे चुकीची, चित्रांचे चौकोन विस्कटलेले, उभ्या रेघा: चित्राचा डेटा वाहून नेणारा एखादा संपर्क सुटलेला आहे.
- दिवा स्थिर, पण टीव्ही मध्येच काळा पडून ‘नो सिग्नल’ म्हणतो: दोष यंत्रात नसून टीव्हीत किंवा केबलमध्ये असण्याचीच शक्यता जास्त.
- दिवा लागतच नाही: आधी अडॅप्टर बघा.
- बोटाने कॅसेट दाबून धरली की चालते, सोडली की बंद: ट्रेची खिटी किंवा कनेक्टरचे पाय.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते: कॅसेट न घालता चालू केले तर निरोगी एनईएसही लुकलुकतेच. कुणी ‘रिकामी चालू करून बघितली, लुकलुकते, म्हणजे खराब आहे’ असे सांगून स्वस्तात विकत असेल तर बिनधास्त घ्या.

लुकलुकण्यामागचे कारण

जपानमध्ये १९८३ साली आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या यंत्रात कुलूप नव्हते. १९८५ मध्ये तेच यंत्र अमेरिकेत एनईएस म्हणून गेले तेव्हा परवान्याशिवाय निघणाऱ्या कॅसेट अडवण्यासाठी त्यात एक चिप घातली. तशीच जोडीची चिप प्रत्येक अधिकृत कॅसेटमध्येही असते. चालू होताच दोघी एकमेकींशी ठरलेल्या क्रमाने बोलू लागतात आणि खेळ संपेपर्यंत बोलत राहतात. उत्तर चुकले किंवा आलेच नाही की यंत्रातली चिप प्रोसेसरला रीसेट करते, पुन्हा विचारते, पुन्हा रीसेट करते. तुम्हाला दिसते ती लुकलुक हीच.

या बोलण्यासाठी ७२ पैकी फक्त चार संपर्क लागतात, आणि ते चौघेही कॅसेटच्या पट्टीच्या एकाच टोकाजवळ आहेत. कॅसेट किंचित तिरकी बसली किंवा त्या टोकाला मळ असला, की खेळाचा सगळा डेटा नीट पोचत असूनही यंत्र लुकलुकते.

दुसरी अडचण कनेक्टरच्या रचनेतच आहे. व्हिडिओ गेमच्या बाजाराला अमेरिकेत १९८३ मध्ये मोठी मंदी आली होती, त्यामुळे हे यंत्र खेळण्यासारखे न दिसता व्हीसीआरसारखे दिसावे अशी योजना होती. म्हणून कॅसेट पुढून सैल आत जाते आणि खाली दाबल्यावर कनेक्टरचे पाय तिला पकडतात. प्रत्येक वेळी ते पाय वाकतात. तीस-चाळीस वर्षांत ते मळतात आणि थोडे बसतात. १९९३ मध्ये आलेल्या, वरून कॅसेट घालायच्या एनईएस-१०१ मॉडेलमध्ये ही ट्रे नाही आणि कुलूपही नाही, त्यामुळे ते लुकलुकत नाही. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी असलेल्या ६० पायांच्या नकली ‘८-बिट’ यंत्रांचेही तसेच: त्यांत कुलूप नाही, त्यामुळे संपर्क बिघडला की सरळ स्थिर करडा पडदा. तुमचे यंत्र त्या जातीचे असेल तर खालचा कुलपाचा भाग सोडून द्या. सफाईचा भाग मात्र जसाच्या तसा लागू आहे.

१. दुसरी कॅसेट लावून बघा

फुकट तपासणी, आणि तीच लोक विसरतात. कमीत कमी तीन कॅसेट लावा. एकच लुकलुकत असेल तर यंत्राला हात लावू नका, दोष कॅसेटचा आहे. सगळ्याच लुकलुकत असतील तर पुढे चला.

कॅसेट कोणत्या देशातली आहे तेही बघा. अमेरिकेतल्या यंत्रातली चिप आणि युरोपातल्या कॅसेटमधली चिप एकमेकींना ओळखत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकांकडून एक वस्तू अमेरिकेतून आणि दुसरी इंग्लंडमधून आली असेल, तर दोन्ही ठणठणीत असूनही लुकलुक होणारच. ती कोणत्याही सफाईने जाणार नाही.

मग कॅसेट पूर्ण आत ढकलण्याऐवजी एक-दोन मिलिमीटर बाहेर ठेवून खाली दाबून बघा. अशी चालली तर कनेक्टरचे पाय झिजलेत किंवा वाकलेत हे जवळजवळ नक्की. हा शोध निदानापुरता ठेवा, रोजची सवय करू नका. वर दुसरी कॅसेट पाचरीसारखी ठोकून पहिली दाबून धरायची जुनी युक्तीही नको. तिने ट्रे कायमची वाकते.

२. कॅसेटचे संपर्क पुसा

फुंकर मारू नका. फुंकरीने चालते असे वाटते, कारण फुंकण्यासाठी कॅसेट बाहेर काढून पुन्हा घातली जाते आणि पाय नव्या जागी टेकतात. श्वासातली वाफ मात्र तांब्यावर राहते आणि हळूहळू गंज धरतो.

लागणारे सामान: आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे मोबाइल दुरुस्तीवाले ज्याला आयपीए म्हणतात ते, ९९ टक्के, आणि कापसाचे बड. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत सहज मिळते. हँड सॅनिटायझर चालणार नाही, त्यातले ग्लिसरीन चिकट थर सोडते. गंज काढायचे तेलकट स्प्रेही नकोत, तेलावर धूळ बसते. आयपीए पटकन पेट घेते, तेव्हा गॅसजवळ किंवा तापलेल्या सोल्डरिंग आयर्नजवळ बाटली उघडी ठेवू नका.

बड ओला करा, निथळता नको. पट्टीच्या दोन्ही बाजूंना, संपर्काच्या लांबीच्या दिशेने घासा. आडवे घासले की कापसाचे तंतू अडकतात आणि मळ एका संपर्कावरून दुसऱ्यावर जातो. पहिला बड काळा निघेल. बड पांढरा निघेपर्यंत नवे घेत राहा, मग पाच मिनिटे वाळू द्या. काळपटपणा जात नसेल तर पांढरा मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि पुन्हा आयपीएने पुसा. पॉलिश पेपर नाही, पितळ चकाकवायचे पॉलिशही नाही: संपर्कावरचा सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की एकदा गेला की खालचे तांबे दर पावसाळ्यात काळे पडते.

कॅसेट उघडून पुसली तर उत्तमच. नंतरच्या कॅसेटना ३.८ मिलिमीटरचे खास स्क्रू असतात, त्याचा बिट ऑनलाइन मिळतो. सुरुवातीच्या काही कॅसेटना साधे चिरेचे पाच स्क्रू आहेत. उघडलीच आहे तर चिपच्या पायांचे डाग (सोल्डरचे सांधे) भिंगातून बघून घ्या. आपटलेल्या कॅसेटमध्ये डागाभोवती बारीक गोल तडा दिसतो.

३. अडॅप्टर

भारतात हे यंत्र चालवणाऱ्यांसाठी हा भाग नीट वाचण्यासारखा आहे. अमेरिकेतला मूळ अडॅप्टर १२० व्होल्टचा आहे. आपल्या २३० व्होल्टला लावला तर त्यातला ट्रान्सफॉर्मर जळतो. त्याचे आउटपुट ९ व्होल्ट एसी, १.३ अँपिअर. होय, एसी, डीसीत रूपांतर यंत्राच्या आत होते. त्यामुळे भारतात साधा ९ व्होल्ट डीसी, किमान १ अँपिअरचा अडॅप्टर चालतो, आणि आत ब्रिज रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) असल्याने पिनेची धन-ऋण दिशा कोणतीही असली तरी फरक पडत नाही. पिनेचे माप ५.५ × २.१ मिलिमीटर.

ही सूट फक्त एनईएसला आहे. फॅमिकॉमला डीसीच लागते, आणि मधली पिन ऋण. एनईएसचा मूळ एसी अडॅप्टर फॅमिकॉमला लावला तर फॅमिकॉम मरतो. दोन्ही यंत्रे घरात असतील तर अडॅप्टरवर मार्करने नाव लिहा.

कमी ताकदीचा अडॅप्टर लुकलुकीसारखीच लक्षणे दाखवू शकतो. आतल्या ७८०५ रेग्युलेटरला, म्हणजे व्होल्टेज ५ वर स्थिर ठेवणाऱ्या भागाला, ५ व्होल्ट द्यायला आत साधारण ७ व्होल्ट तरी लागतात, आणि रेक्टिफायर स्वतः दीडेक व्होल्ट खातो. ९ व्होल्ट डीसीमध्ये हिशेब जेमतेम बसतो. ३०० मिलिअँपिअरचा स्वस्त अडॅप्टर भार आल्यावर ७ वर घसरला की संपले. उलट १२ व्होल्टचा लावला तर जास्तीचे ३ व्होल्ट फक्त ७८०५ तापवतात.

याच टप्प्यावर टीव्हीची जोडणीही बघून टाका. मागची अँटेनाची केबल सोडा. उजव्या कडेला पिवळे आणि लाल अशी दोन भोके आहेत, चित्र आणि एकाच वाहिनीचा आवाज, ती वापरा. अमेरिकी यंत्राचे चित्र एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्हीच्या पद्धतीचे, असते, ते बहुतेक एलईडी टीव्ही घेतात.

४. न उघडता कनेक्टरची सफाई

एखादी जुनी, नगण्य किमतीची कॅसेट घ्या. तिच्या पट्टीला आयपीए लावा आणि यंत्र बंद असताना, खाली न दाबता, दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा. पट्टी पुसा, पुन्हा करा. मळ निघायचा थांबला की अर्धा तास उघडे ठेवा.

कार्डाला फडके गुंडाळून आत घालायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. जाड वस्तूने पाय फाकतात. गेम जिनी हे, कॅसेटला जोडून खेळात फेरफार करायचे उपकरण वापरलेल्या यंत्रांचे पाय याच कारणाने सैल सापडतात: त्याची पट्टी नेहमीच्या कॅसेटपेक्षा जाड आहे. ‘फक्त गेम जिनी लावल्यावर चालते’ ही तक्रार आली तर चौथ्या पायरीवर वेळ न घालवता थेट पाचवीवर जा.

५. कनेक्टर बाहेर काढून दोन्ही बाजू स्वच्छ करा

अर्ध्याहून जास्त हट्टी यंत्रे इथे सुधारतात, आणि खर्च शून्य. फुलीच्या तोंडाचा साधा स्क्रू ड्रायव्हर पुरतो.

अडॅप्टर काढा, पॉवरचे बटण एकदा दाबून उरलेला भार जाऊ द्या. यंत्र उलटे करा, तळाचे सहा स्क्रू काढा. वरचे झाकण, मग पत्र्याचे आवरण, मग कॅसेटची ट्रे. ट्रेच्या स्क्रूंची लांबी सारखी नाही. काढताना फोटो काढा आणि स्क्रू कागदावर त्याच जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर खालचे प्लास्टिक फुटते. ट्रे पुढच्या बाजूला ओढून बोर्डच्या कडेखालून निघते, तिला वर उपटू नका. मग काळा कनेक्टर दोन्ही टोकांना आळीपाळीने थोडा थोडा ओढत बोर्डवरून काढा.

इथे एक बाजू हमखास राहून जाते. या कनेक्टरला दोन तोंडे आहेत: एक कॅसेटकडे, दुसरे बोर्डाकडे. कॅसेटकडचे सगळे घासतात. बोर्डाकडच्या तोंडाला कारखान्यातून निघाल्यापासून कुणी हात लावलेला नसतो. बोर्डाची कड कॅसेटसारखीच आयपीएने, दोन्ही बाजूंनी, बड पांढरा निघेपर्यंत पुसा. ती बहुधा कॅसेटपेक्षा काळी निघते.

कनेक्टर स्वतः उकळा. पातेल्यात पूर्ण बुडेल इतके पाणी, दहा ते पंधरा मिनिटे खळखळ उकळी. पाणी डिस्टिल्ड वापरा, इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी विकतात ते. बोअरचे जड पाणी पायांवर पांढरा क्षार सोडते आणि काम उलटे होते. उकळल्यावर झटकून, दोन्ही तोंडांत कॅसेटची किंवा बोर्डाची पट्टी काही वेळा घालून काढा, पुन्हा पाच मिनिटे उकळा. मग पूर्ण एक दिवस वाळवा. पंख्याखाली, उन्हात नको. ओला कनेक्टर लावून चालू करणे म्हणजे ५ व्होल्ट आणि ग्राउंड पाण्याने जोडणे.

उकळण्याने धातूची स्प्रिंग ‘पुन्हा ताठ होते’ असे वाचायला मिळते. तसे होत नाही. शंभर अंशांचा त्या धातूवर काही परिणाम नाही. उकळी फक्त खोलवरचा चिकट मळ सोडवते, आणि बऱ्याचदा तेवढेच हवे असते.

परत जोडताना कनेक्टर बोर्डावर शेवटपर्यंत आणि सरळ बसला आहे ना ते दोन्ही टोकांना बघा. ट्रेची ओठासारखी कड बोर्डाच्या खाली जायला हवी. वर राहिली तर कॅसेट दाबून बसणारच नाही आणि तुम्ही नव्या दोषाच्या मागे लागाल. पत्र्याचे आवरण लावण्याआधी एकदा चालवून बघा.

६. पाय उचलायचे की नवा कनेक्टर?

स्वच्छ करूनही कॅसेट सैल बसत असेल तरच हा प्रश्न. बारीक सुईने किंवा दंतवैद्य वापरतात तसल्या आकड्याने दबलेले पाय अगदी थोडे, केसभर, उचलता येतात. वर ३६ आणि खाली ३६. कडेने बघून सगळे एका रेषेत आणा. घाईत एखादा पाय बाजूला झुकून शेजाऱ्याला टेकला तर दोन वाहिन्या जुळतात, आणि ५ व्होल्टच्या शेजारी तसे झाले तर प्रकरण महाग पडते. हात स्थिर नसेल तर हे सोडा.

नवे कनेक्टर स्वस्त आहेत, पण दर्जा बेभरवशाचा. बरेचसे इतके घट्ट असतात की कॅसेट काढताना अख्खे यंत्र उचलून येते, आणि दर वेळी कॅसेटच्या पट्टीवर ओरखडे पडतात. काही महिन्यांनी तेच पाय सैल पडून लुकलुक परत येते. म्हणून मूळ कनेक्टर, तो तुटलेला नसेल तर, आधी वाचवावा. नवा लावलाच तरी जुना फेकू नका.

७. कुलपाच्या चिपचा चौथा पाय

हे इतके खाली ठेवण्याचे कारण आहे. चौथा पाय चिपला सांगतो की तू कुलूप आहेस की किल्ली. तो ग्राउंडला जोडला की यंत्रातली चिप स्वतःला किल्ली समजते आणि रीसेट करणे सोडून देते. लुकलुक थांबते. पण संपर्क मळलेलाच असेल तर लुकलुकीच्या जागी स्थिर करडा पडदा येतो. दोष तिथेच राहिला, आणि तो ओळखायची खूण मात्र गेली.

सफाई झाल्यावर केले तर फायदा खरा आहे: ७२ पैकी चार संपर्कांवरचे अवलंबित्व संपते, आणि युरोपातल्या कॅसेटही सुरू होतात, जरी त्या ५० हर्ट्झसाठी लिहिलेल्या असल्याने खेळ आणि संगीत साधारण वीस टक्के जलद पळते आणि काही विस्कटतात.

कृती: बोर्डावर यू१० लिहिलेली, १६ पायांची चिप शोधा, अमेरिकी यंत्रात तिच्यावर ३१९३ए असते. खाच वर धरली की डावीकडचा सगळ्यांत वरचा पाय पहिला, तिथून खाली मोजत चौथा. दोनदा मोजा. डाग वितळवून पाय भोकातून सोडवा, किंवा बारीक कटरने बोर्डालगत कापून वर उचला, म्हणजे पुढे परत जोडता येईल. उचललेल्या पायापासून ग्राउंडपर्यंत पातळ तार डागा. ग्राउंड खरेच ग्राउंड आहे का, ते मल्टिमीटरच्या बीपवर ७८०५ च्या मधल्या पायाशी जुळवून घ्या. नुसता पाय उचलून हवेत ठेवला तरी बऱ्याचदा चालते, पण अधांतरी पाय कधी काय समजेल याची खात्री नाही.

काम नीट झाले असेल तर आता कॅसेटशिवाय चालू केल्यावर दिवा स्थिर राहील. यंत्र संग्रहासाठी जपायचे किंवा विकायचे असेल तर ही पायरी टाळा, अनेक संग्राहकांना आतून न छेडलेले यंत्रच हवे असते.

८. पाच व्होल्ट

मल्टिमीटर डीसीवर. यंत्र चालू, कॅसेट आत. ७८०५ च्या मधल्या पायावर काळी वायर, आउटपुटच्या पायावर लाल. ४.७५ ते ५.२५ च्या आत असेल तर ठीक. खाली असेल तर आधी इनपुट मोजा. तो ७ पेक्षा कमी असेल तर अडॅप्टर, पुरेसा असेल तर ७८०५. चित्रात सरकणारे आडवे पट्टे आणि आवाजात घुंघुं येत असेल तर २२०० मायक्रोफॅरडचा मोठा कपॅसिटर म्हातारा झाला आहे. त्याच किमतीचा, २५ व्होल्टचा बसवा आणि त्याच्यावरच्या पट्टीची ऋण बाजू जुळवा. दोन्ही भाग स्वस्त आहेत, पण मागच्या पत्र्याच्या डब्यात आहेत आणि तो डबा बोर्डाला जाड डागांनी बसवलेला आहे. २५ वॉटच्या आयर्नने ते डाग वितळत नाहीत आणि जोर लावला की बोर्डावरचे तांबे उखडते.

इथे थांबा

पुढच्यापैकी काहीही दिसले तर स्वतः पुढे जाऊ नका.

जळका वास, किंवा चालू केल्यावर ७८०५ सोडून दुसरी एखादी चिप बोट ठेवता येणार नाही इतकी तापते. अडॅप्टरचा आतला दोष. मुख्य विजेवर चालणारी वस्तू उघडायची नाही, बदलायची. बोर्डावर हिरवा गंज पसरून रेघा खाल्ल्या गेल्यात.

आणि सगळ्यांत नेहमीचे: ५ व्होल्ट बरोबर, कनेक्टर स्वच्छ, कुलपाची चिप निकामी केलेली, तरी प्रत्येक कॅसेटला तोच एकरंगी पडदा किंवा अगदी त्याच जागी तेच विस्कटलेले चित्र. दर वेळी विस्कटण्याचा नमुना बदलत असेल तर अजूनही संपर्कच, पुन्हा पाचव्या पायरीवर जा. नमुना कॅसेट बदलूनही हलत नसेल तर प्रोसेसर, चित्राची चिप किंवा दोन रॅमपैकी एक गेली आहे. त्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो, आणि प्रोसेसर व चित्राच्या चिपचे चाळीस-चाळीस पाय सोडवायला डाग शोषणारी गन. साध्या पंपाने हे करताना भोकातली तांब्याची नळी निघून येते, मग चिप चांगली असूनही बोर्ड वाया जातो.

हे काम मोबाइलच्या दुकानात देऊ नका; तिथली सवय पृष्ठभागावरच्या बारीक भागांची असते. जुने ॲम्प्लिफायर, सिंथेसायझर किंवा आर्केड बोर्ड दुरुस्त करणारा शोधा आणि त्याच्याकडे डाग शोषणारी गन आहे का हे आधीच विचारा. या दोन मुख्य चिप आता नव्या बनत नाहीत, दुसऱ्या मेलेल्या यंत्रातूनच काढाव्या लागतात, त्यामुळे सुट्या भागाचा खर्च यंत्राच्या किमतीइतकाही होऊ शकतो. देताना तुमच्याकडची एक नक्की चालणारी कॅसेट, वापरत असलेला अडॅप्टर, आणि कोणती पायरी केली, कुठे किती व्होल्ट मिळाले याची चिठ्ठी सोबत द्या. चौथा पाय उचलला असेल तर ते चिठ्ठीत पहिल्या ओळीत लिहा, नाहीतर कारागिराचा अर्धा दिवस तिथेच जातो.